दोन साडू आणि एक गाडी

दोघा साडूंमध्ये चार वर्षं विस्तव जात नव्हता. थोरले लिफ्ट दुरुस्त करायचे, धाकट्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सासुरवाडीला सगळे त्यांना लिफ्टवाले आणि चष्मेवाले म्हणत. बायका सख्ख्या बहिणी. समुद्रकाठच्या एका शहरात विमानानं जायचं, तिथं भाड्याची गाडी घ्यायची आणि आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं, हा बेत त्या दोघींचा. नवऱ्यांना त्यांनी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

विमानात जागेपेक्षा माणसं जास्त झाली. दोघांनी पुढच्या विमानानं यावं, अशी विनंती झाली आणि बहिणींनी शाळेतल्या पोरींसारखे झटकन हात वर केले.

"तुम्ही व्हा पुढे, गाडी ताब्यात घेऊन ठेवा," थोरली नवऱ्याला म्हणाली.

"हे तुमचं आधीच ठरलं होतं."

"अहो, काहीतरीच काय!" ती म्हणाली खरी, पण धाकटी पदराआड हसत होती.

दोघांच्या खुर्च्या शेजारीशेजारी. मधल्या हातावर चष्मेवाल्यांनी बसल्याबसल्या कोपर रोवलं. लिफ्टवाल्यांनी शेजारी आपलं रेटलं. वर ढग होते की ऊन, दोघांनाही पत्ता नव्हता. पाणी घेऊन आलेल्या मुलीनं लिफ्टवाल्यांना विचारलं, "यांना हवंय का?"

"त्यांना तोंड आहे. गरजेपेक्षा मोठंच आहे."

"मला नको," चष्मेवाले म्हणाले. "इथल्या हवेनंच घसा बसलाय."

भांडण सासऱ्यांवरून होतं. म्हातारे शेवटची तीन वर्षं लिफ्टवाल्यांकडे होते. त्यांना अंघोळ घालणं, दाढी करणं, रात्री उठवून नेणं, सगळं या जावयानं केलं होतं. ते गेले त्या सकाळी थोरली बहिणीकडे गेलेली आणि घरात हे एकटेच. म्हाताऱ्यांच्या छातीत कळ आली तसा लिफ्टवाल्यांनी फोन लावला. अँब्युलन्स येईपर्यंत म्हाताऱ्यांनी जावयाच्या हातावर मान टाकली. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना चष्मेवाले सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वेळेवर हालचाल झाली असती तर आज म्हातारे असते."

तेव्हापासून लिफ्टवाल्यांनी त्यांच्यापुरती मिठाची गुळणी धरली होती.

उतरल्यावर विमानतळावरच्या गाडीच्या काउंटरवर नवंच त्रांगडं झालं. बुकिंग लिफ्टवाल्यांच्या नावावर, आणि त्यांच्या लायसन्सची मुदत संपलेली.

"हे सर चालवतील ना?" काउंटरवरच्या मुलीनं चष्मेवाल्यांकडे बोट दाखवलं. "मग दोघांच्याही सह्या लागतील."

"यांना सांगा," चष्मेवाले मुलीला म्हणाले, "घरून निघताना माणसानं कागद बघावेत."

"त्यांना सांगा, सही करायची तर करा म्हणावं. प्रवचन नको."

मुलगी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तिनं दोन पेनं काढून दोघांपुढे एकेक सरकवलं.

गाडी पांढरी, धुऊनपुसून ठेवलेली. खाऱ्या वाऱ्यानं पार्किंगमधले पत्रे खडखडत होते. चष्मेवाल्यांनी सामान मागं टाकलं आणि ते चालकाच्या जागी बसले. लिफ्टवाल्यांना मात्र यंत्र डोळ्यांखालून घातल्याशिवाय चैन पडेना. ते वाकून टायर बघायला लागले, दिवे लावून बघा म्हणून त्यांनी हातानं खूण केली.

"झाली का तपासणी?" चष्मेवाल्यांनी काच खाली केली. "गाडीची बरी काळजी. माणसाच्या वेळी कुठं गेली होती?"

लिफ्टवाले उभे राहिले. चार वर्षांत पहिल्यांदाच ते थेट त्यांच्याशी बोलले.

"पुन्हा बोला."

"बोललो ते ऐकलंत तुम्ही."

"मी लगेच फोन केला होता. डॉक्टरांना विचारा, अँब्युलन्सवाल्याला विचारा."

"फोन कधी केला ते त्यांना ठाऊक. कळ कधी आली ते तुम्हालाच ठाऊक."

"तुम्ही खरंच असं मानता? का तेव्हा तोंडातून गेलं आणि आता मागं घेता येत नाही?"

चष्मेवाले शांतपणे म्हणाले, "मानतो. पहिल्यापासून मानतो. तुम्ही कंटाळला होता त्यांना."

लिफ्टवाल्यांचा हात दाराच्या मुठीवर गेला. ओढून बाहेर काढावं, असं मनात आलं. पण त्यांनी हात खिशात घातला. दोन गाड्यांच्या मधून ते बाहेर आले आणि पार्किंगच्या कडेच्या बाकावर जाऊन बसले. पुढचं विमान उतरेपर्यंत ना हे उठले, ना ते गाडीतून उतरले.

बहिणी खिदळत आल्या. दोघींच्या डोक्यावर नव्या कोऱ्या टोप्या. नवऱ्यांची तोंडं बघून हसू जागच्या जागी जिरलं.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"हे म्हणतात, तुझ्या वडिलांना मी मुद्दाम मरू दिलं," लिफ्टवाले म्हणाले. "यांचं सोड. तू काय म्हणतेस?"

"आत्ता हे कशाला? लोक बघतायत."

"बघू देत. तू सांग."

थोरलीनं टोपी काढली. नवऱ्याकडे बघायचं टाळून ती म्हणाली, "मी त्या दिवशी घरी नव्हते हो. मी काय सांगू?"

"चार वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवलीस. तेव्हाही हेच मनात होतं?"

धाकटी पुढं झाली, "भावजी, जाऊ द्या ना, बसा गाडीत." पण लिफ्टवाल्यांनी मागचं झाकण उघडून तीन बॅगांच्या खालून आपली बॅग ओढून काढली आणि आत जाऊन परतीचं तिकीट मागितलं. जागा होती.

ते रांगेतून बाहेर आले तर थोरली काचेच्या दारापाशी उभी. आता ही चला म्हणेल, नाहीतर मीही येते म्हणेल, असं त्यांना वाटलं. तिनं पर्स उघडून त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"जेवणानंतर एक," ती म्हणाली. "विसरू नका."

"तू जाणार आहेस?"

"गाडी घेतलीय ना," ती म्हणाली, आणि बहिणीकडे निघाली.