गाणं ज्याचं, पाय त्याचा

“जी पट्टी,” नेटी माणसाएवढ्या उभ्या बास-व्हायोलिनच्या मानेआडून पुटपुटली.

“जी पट्टी!” ऑर्बिनने खड्या आवाजात जाहीर केलं, जणू त्यालाच आठवलं होतं, आणि गिटार मांडीवर सारखी केली.

समोर क्लीव्हने बँजोवरून एकदा नेटीकडे पाहिलं. ही बाई हल्ली बास घेऊन नवऱ्याच्या पाठीशीच का उभी राहते, असं त्याने गेल्या महिन्यात विचारलं होतं. “दारातून वारा लागतो,” असं तिने ठोकून दिलं होतं. दार तेव्हा बंद होतं.

व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या त्या गावात खत-बियाण्यांच्या दुकानामागे दर शनिवारी दुपारी ब्लूग्रासची, म्हणजे तिथल्या डोंगरी लोकसंगीताची, बैठक भरायची. पूर्वी ती क्लीव्हच्या वडिलांच्या ओसरीवर भरे. माणसांची तीन-तीन रिंगणं व्हायची, बायका सफरचंदाच्या करंज्या तळून आणायच्या, गाड्या पार ओढ्यापर्यंत लागायच्या. काय दिवस होते! एकोणीस वर्षांची नेटी तिथेच पहिल्यांदा बासमागे उभी राहिली आणि ऑर्बिनने तिच्याकडे बघता बघता आपली पाळी चुकवली. आता रिंगणात नऊ खुर्च्या आणि कॉफीचा थर्मास उरला होता. नियम मात्र तसूभरही हलले नव्हते, कारण क्लीव्ह अजून धडधाकट होता.

कुणी गात असेल तर आपलं वाद्य दबकत वाजवायचं. पाळी आली की एक फेरी वाजवायची, नको असेल तर मान हलवायची, पुढचा घेतो. एकदा झालेलं गाणं त्या दुपारी पुन्हा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे गाणं ज्याने काढलं त्यानेच ते संपवायचं. शेवटच्या फेरीला तो एक पाय उचलून पुढे धरतो, की सगळे एकदम थांबतात. दुसऱ्याच्या गाण्यात पाय उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात बसून त्याच्या पाहुण्यांना निरोप देणं. फिडलवाली रोडा गात असताना मँडोलिन झोडणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरला क्लीव्हने सुनावलं होतं, “डॉक्टर, तुमच्या खुर्चीत आम्ही गुमान बसतो ना? मग आमच्या खुर्चीत तुम्ही बसा.”

ऑर्बिनने तेहतीस वर्षं शाळेची बस चालवली. कुठल्या वळणावर कुठलं पोर उभं असतं, हे त्याला दाट धुक्यातही कळायचं. आणि गेल्या पानगळीत तो स्वतःच्याच घराचं वळण ओलांडून नऊ मैल पुढे गेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नेटीने ते कुणाला सांगितलं नाही. शनिवारच्या ह्या दोन तासांत तिचा नवरा अजून पूर्वीसारखा असायचा, बोटांना सगळं आठवायचं. हे कळलं तर मंडळी वाईट वागणार नाहीत, उलट फार चांगली वागतील, ह्याचीच तिला धास्ती होती. पाठीवर थोपटतील, मागे बसवतील. ज्याची कीव येते त्याला कुणी पट्टी विचारत नाही.

आजचं गाणं ऑर्बिनच्या वडिलांनी रचलेलं होतं, लाकडाच्या वखारीचं. तिसऱ्या कडव्याचा पहिला शब्द नेटीने पुरवला, बाकी सगळं त्याने झोकात म्हटलं. आता पाय उचलायचा. त्याने उचलला नाही.

आणखी एक फेरी झाली. क्लीव्हने वाजवलं, रोडाने फिडलवर वाजवलं, मँडोलिनवाल्याने वाजवलं.

“काका आज सोडत नाहीत आपल्याला!” रोडा हसली.

आणखी दोन फेऱ्या झाल्यावर कुणी हसेना. नेटीने वाकून नवऱ्याचं तोंड पाहिलं. तो सगळ्यांच्या पायांकडे बघत होता. एकेका बुटावर नजर फिरवत अदबीने वाट बघत होता.

“पाय, ऑर्बिन,” ती कुजबुजली.

“गाणं कुणाचं आहे गं?” त्याने हळूच विचारलं.

शिष्टाचार त्याला आठवत होता, गाणं आपलं आहे हे आठवत नव्हतं. दुसऱ्याच्या गाण्यात पाय उचलणारा माणूस तो नव्हताच.

नेटीने बास घट्ट धरला आणि स्वतःचा पाय उचलला.

सगळे थांबले. दुकानात पुढे कुणीतरी पोतं आपटलं.

“पायात पेटका आला,” नेटी म्हणाली. तिचं तिलाच ते खरं वाटलं नाही. आता क्लीव्ह उठणार, ऑर्बिनच्या पाठीवर हात ठेवणार, म्हणून ती जमिनीकडे बघत उभी राहिली.

क्लीव्ह उठला नाही. त्याने घसा साफ केला. “हं, ऑर्बिन, पाळी तुझी. काय वाजवायचं?”

पाळी रोडाची होती. तिने फिडल मांडीवर ठेवली. “हो काका, सांगा ना.”

ऑर्बिन खुलला. “आमच्या अप्पांचं एक गाणं आहे, वखारीचं. बऱ्याच दिवसांत वाजवलं नाही रे आपण.”

“नाही वाजवलं खरं,” क्लीव्ह म्हणाला. एका दुपारी एक गाणं दोनदा म्हणणाऱ्याला त्याने कधी बसू दिलं नव्हतं. “पट्टी कुठली?”

नेटी सवयीने वाकली, आणि मग सरळ उभी राहिली. “जी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

सगळेच जण ते गाणं पहिल्यांदाच वाजवावं तसं वाजवू लागले. तिसऱ्या कडव्यापाशी ऑर्बिन अडखळला, तर नेटीच्या आधी मँडोलिनवाल्याने शब्द दिला. कडवं संपलं तसा क्लीव्हचा पाय वर आला, मग रोडाचा, मग एकेक करून सगळ्यांचे. ऑर्बिनने ते पाय पाहिले आणि त्यांच्याबरोबर अगदी ठोक्यावर थांबला.

“झकास झालं,” तो कपाळ पुसत म्हणाला. “कुणाचं होतं?”

“तुझं रे,” क्लीव्ह म्हणाला, आणि खाली मान घालून बँजोच्या तारा जुळवत बसला. तारा जुळलेल्याच होत्या.