मागे चाललेली कॉपी

"खाकरून या रं, बाया हायती पाण्यावर." भाजे गावच्या ओढ्यावरून म्हातारी चिमाबाई अशी हाळी द्यायची आणि बाप्ये वळणापलीकडंच थबकायचे. कोमलच्या कानात तो आवाज लहानपणापासून मुरलेला.

आता ती लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर बसते. बिलं आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, दोन्ही एकाच लिनक्स कॉम्प्युटरवर. रविवारी पाहुण्यांची निघायची घाई आणि नेमका तेव्हाच माउस चिखलात रुतल्यासारखा.

"तुमचं मशीनही सुट्टीवर का हो?" एका पाहुण्यानं टोमणा मारला.

"हात जड हायेत तुजे," मालक विक्कीशेठ म्हणाला. "दुसरी बगू का कुणी?"

घर तिच्याच पगारावर चाललेलं. कॉम्प्युटरची डिस्क कुठलं काम अडवून बसलंय ते तिनं पाहिलं. विक्कीशेठच्या लॉगिनवरून पेनड्राइव्हवर मोठी कॉपी चालली होती. तिनं त्या लॉगिनच्या आताच्या आणि पुढच्याही कॉपीला डिस्कच्या रांगेत सगळ्यात मागं बसवलं. बाकी कुणाला डिस्क नको असेल तेव्हाच हिनं घ्यावी. पेनड्राइव्हवर लिहायचं राहिलेलं मेमरीत तुंबत होतं, त्यालाही आवर घातला. माउस मोकळा झाला, बिलं झरझर निघाली.

मग, एवढं कॉपी होतंय तरी काय, म्हणून तिनं एक फाइल उघडली. पोहण्याच्या तलावावरचा कॅमेरा कपडे बदलायच्या खोलीकडं वळवलेला. दाराच्या फटीत एका बाईची ओली पाठ, टॉवेल चाचपणारा हात. कोमलनं फाइल मिटली.

"कसं पळतंय बग आता," विक्कीशेठनं मागून येऊन तिच्या खांद्यावर थाप मारली. "हुशार हायेस गं."

घरी जाऊन तिनं तो खांदा दगडानं घासला. लाल झाला, तरी घासला. विक्कीशेठची शिसारी होतीच, स्वतःची जास्त. मशीन अडत होतं, तेव्हा निदान कुरकुरत तरी होतं. त्या माणसाची घाण कुणाला न टोचता वाहावी, अशी वाट तिनंच खणून दिली होती.

पुढच्या रविवारीही कॉपी मागं चालूच. काउंटरवर कुणाला पत्ता नाही. ओल्या केसांची एक बाई बहिणीला घेऊन बिल द्यायला आली.

"किती पटकन झालं," ती म्हणाली. "पुन्हा येऊ हं आम्ही."

"या की ताई, तुमचंच हाय," शेजारी उभा विक्कीशेठ हसला.

कोमलनं बिल हातातच धरून ठेवलं.

"ताई, तलावावरचा कॅमेरा कपडे बदलायच्या खोलीकडं वळवलाय. यांनीच. तुमचं दोघींचं चित्रण आत्ता यांच्या पेनड्राइव्हवर उतरतंय. मला आठवड्यापासून ठाऊक आहे. पोलिसांना फोन करा, तोवर या मशीनला मी कुणाला हात लावू देत नाही."