डावा आरसा, एक नग

"भाऊ, तो डावा आरसा द्या आता," हिरामण म्हणाला आणि त्यानं टोपी काढून काउंटरवर ठेवली.

१९९७ सालचा मार्च संपत आला होता. पेणच्या आमच्या टेम्पोच्या एजन्सीत भर दुपारी माशा मारण्याखेरीज दुसरं काम नसे. हिरामणला मी लगेच ओळखलं. निडीकडचा शेतकरी. गेल्या दसऱ्याला माझ्याच हातून छोटा टेम्पो घेऊन गेला होता. घरचं भात-वाल बघून वर गावातली भाजी रोह्याच्या बाजारात पोचवायची, असा त्याचा बेत होता.

"गाडी कुठे लावलीत? मिस्त्री आत्ता बसवून देईल."

"गाडी घरीच हाय. ईस दिस झाले, हात नाय लावला." मग तो खाली बघत बोलू लागला. "आय खळ्यात वाल वाळत घालत व्हती. मी गाडी मागं घेत व्हतो. डावीकडं वाकलेली व्हती, मला दिसलीच नाय. पाय चाकाखाली आला. रोह्याला नेली. डाक्टरनं दोन बोटं काढली."

मी "अरेरे" म्हणालो.

"तुमी सांगितलं व्हतं, भाऊ. आरसा घे, गाडी मागं घेताना वाजणारा हॉर्न घे. मीच म्हटलं, फुडल्या सालाला बघू. माझा चिकटपणा नडला. म्हातारी काय बोलत नाय, पन माझ्याच्यानं तिच्याकडं बघवत नाय."

तो तक्रार करायला आलाच नव्हता. तो माझ्यापुढे चूक कबूल करायला आला होता, आणि तेच मला सोसेना. कारण तो आरसा त्याचाच होता.

झालं होतं ते असं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कंपनीचं पत्र आलं. यापुढे प्रत्येक टेम्पोबरोबर डावा आरसा आणि रिव्हर्सचा हॉर्न मिळेल, वेगळी किंमत नाही. दोन्ही वस्तू सीटमागे पुठ्ठ्याच्या खोक्यात येऊ लागल्या. आमच्या धनेशशेठनं पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "दिनानाथ, फुकटच्या वस्तूची गिऱ्हाइकाला किंमत नसते. चार पैसे मोजले की तो ती जपतो."

शेठ अगदीच चूक नव्हता, हीच तर पंचाईत. कोलाडच्या हैबतरावांना खोक्यासकट गाडी गेली होती. फुटेल म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी आरसा काढला आणि न्हाणीजवळ दाढीसाठी टांगला. हे ऐकून आम्ही पोट धरधरून हसलो, आणि त्या हसण्याबरोबर मी पुढची सगळी लबाडी गिळून टाकली. गाडी उतरली की खोकं काढायचं, मागच्या कपाटात ठेवायचं आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, "डावा आरसा हवाय का? वेगळा पडेल हं." हो म्हणणाऱ्याला त्याचीच वस्तू विकायची. नाही म्हणणाऱ्याला पेढा आणि हार देऊन वाटेला लावायचं. मी नुसता पगारी, बोलविता धनी वेगळा, असं मी मनाला सांगत असे. वर आणखी असंही वाटे की, मी लोकांना आरसा घ्या म्हणून आग्रह करतो म्हणजे त्यांचं भलंच करतो!

"आनी एक सांगू का?" हिरामण टोपी चुरगाळत म्हणाला. "पिंकी, माझी पोरगी, सातवीत हाय. गाडीचं इंग्रजी पुस्तक वाचत बसते. म्हणते, बाबा, ह्यात लिवलंय, गाडीसंगती डावा आरसा, एक नग. ठेवून दिली एक गालावर."

"अहो, मारलीत कशाला?"

"मंग? तुमाला खोटं पाडते व्हय? दिनानाथभाऊ कशाला खोटं बोलतील?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण केबिनचं दार अर्धं उघडं होतं आणि आत शेठ फोनवर बोलत होता. मी हळूच म्हणालो, "पैसे राहू द्या आत्ता. रविवारी मीच घरी येऊन बसवतो."

हिरामणनं चक्क हात जोडले. "एवढं कोन करतं, भाऊ!"

शनिवारी संध्याकाळी मी कपाट उघडलं. अकरा खोकी होती. प्रत्येकावर पेन्सिलीनं गाडीचा नंबर लिहिलेला, माझ्याच अक्षरात. कुणाला परत द्यायचं म्हणून नव्हे, नीटनेटकेपणाची मला आपली लहानपणापासून सवय. हिरामणचं खोकं सहज सापडलं. त्यातला आरसा घेतला. हॉर्न न्यायचा धीर झाला नाही. फुकट कशाबद्दल देतोय, असं त्यानं विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं निडीला उतरलो. हिरामणचं घर स्टेशनापासून पंधरा मिनिटांवर. टेम्पो खळ्याच्या कडेला उभा होता, दसऱ्याचा झेंडूचा हार सुकून अजून त्याच्या नाकावर लोंबत होता. ओटीवर त्याची आई, ठमाबाई, पाय पाटावर ठेवून बसली होती. पायाला पट्टी. तिकडे मी एकदाच बघितलं.

"ये रं बाबा, बस. गो पिंके, पाणी आन," म्हातारी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "हिऱ्याला सांग रं काय तरी. जेवत नाय धड. त्याची काय चूक? मलाच अक्कल नाय, गाडीच्या मागं वाकले."

घरातली दोघं जणं तो दोष आपापल्याकडे ओढत होती, आणि ज्याचा होता तो मी गूळपाणी घेत होतो. म्हातारीनं माझ्याशेजारी वालाची एक पिशवीही आणवून ठेवली. त्याच खळ्यात वाळलेले वाल.

मी माझ्या पिशवीतला आरसा आणि नट आवळायचे पाने काढून उठलो. डाव्या दारावर कंपनीनं पाडलेली दोन भोकं होती, रबरी बुचं लावलेली. मी बुचं काढली. हिरामण वाकून बघत म्हणाला, "भोकं आदीचीच हायत की!"

"असतात," मी म्हणालो.

दहा मिनिटांत आरसा बसला. इतकंच काम होतं ते. हिरामण आत बसला, आरशात बघितलं आणि म्हणाला, "आख्खं खळं दिसतं, भाऊ. ओटीपातूर." मग खाली उतरून त्यानं हाक मारली, "पिंके! आन तुझं पुस्तक. इचार भाऊंना आता."

पोरगी आली. पुस्तकाला तिनं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. पान आधीच काढून ठेवलेलं. तिनं ती ओळ बोटानं दाखवली.

"चूक हाय ना, भाऊ?" हिरामणनं विचारलं.

मला आता त्या बोटाखेरीज काही दिसेना. मी म्हणालो, "पुस्तक जुनं छापलेलं आहे. चुकून राहिलं असेल."

"बघ! काय सांगत व्हतो मी?"

पिंकी आत गेली आणि पेन, पट्टी, कंपासपेटी घेऊन आली. ओटीच्या कडेला बसून तिनं पट्टी लावली आणि त्या ओळीवर सरळ काट मारली. शाळेत चुकलेल्या गणितावर मारतात तशी. मग पट्टी एक ओळ खाली सरकवून माझ्याकडे बघितलं.

"काका, हितं मागं घेताना वाजायचा हॉर्न लिवलाय, एक नग. तो पन आमच्या गाडीला नाय. ह्याच्यावर पन मारू काट?"

पेन कागदाला टेकलेलं होतं. माझ्या एका शब्दावर ही पोरगी अख्खं पुस्तक खोटं ठरवायला तयार होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, पुढेही कधी वाटली नाही.

"नको," मी म्हणालो. "पट्टी काढ, बाळ. पुस्तक बरोबर आहे. तू बरोबर वाचलंस. आरसा आणि हॉर्न, दोन्ही तुमच्या गाडीबरोबरच आले होते. तुमचेच होते. मी काढून ठेवले."

शेठचं नाव घ्यायचं मनात होतं. तोंडातून 'मी' एवढंच निघालं.

हिरामणच्या हातात माझा पाना होता. वाटलं, मारील. मारला असता तर बरं झालं असतं. त्यानं आरशाकडे बघितलं, मग आईच्या पायाकडे. पाना फडक्यानं पुसून माझ्या पिशवीत ठेवला. पोरीजवळ गेला, तिच्या गालाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"पूस गो ती रेघ," तो म्हणाला.

ठमाबाईनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता ती आतल्या सुनेला म्हणाली, "चा टाक गो. पावना लांबून आलाय."

चहा आला. मी तो घेतला, कारण नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं. पिंकी कंपासपेटीतलं खोडरबर काढून त्या रेघेवर घासत होती. शाईची रेघ ती, जाईना. पोरीनं घासणं सोडलं नाही. माझी कपबशी रिकामी होईपर्यंत रेघेची दोन्ही टोकं होती तशीच होती, आणि मधे छापलेला डावा आरसा मात्र कागदासकट निघून आला होता.