पडद्यावरचा झेंडा

प्रोफेसर झुहेर गारगुरी हे ट्युनिशियातल्या आमच्या स्फॅक्स शहरातले सर्वात मोठे हृदयतज्ज्ञ. हे ते स्वतःच सांगतात, त्यामुळे बाकीच्यांचे कष्ट वाचतात.

शिरेत किरणोत्सारी औषध टोचलं की रुग्णाच्या हृदयातून किरण निघतात. ते टिपायचं काम त्यांच्या कॅमेऱ्याचं, आणि टिपलेलं गोळा करून पडद्यावर चित्र उभं करायचं काम माझ्या सॉफ्टवेअरचं. चाचणीसाठी दरवेळी औषध कुठून आणायचं, म्हणून त्यात जुनी नोंद पुन्हा चालवायची सोय मी ठेवली होती. नोंदीसाठी कुणाचं तरी हृदय हवं होतं. प्रोफेसरांनी स्वतःचं दिलं. आदर्श हृदय म्हणजे काय ते पोरांना कळू दे, म्हणाले.

मंत्री यंत्राच्या उद्घाटनाला आले त्या दिवशी औषधाचं विमान उतरलंच नाही. मग लावली जुनी नोंद. ती चालू असली की पडद्यावर वरच्या बाजूला लाल पट्टीत तसं लिहून येतं. प्रोफेसरांनी पट्टी काढून टाकायला फर्मावलं. मी साफ नाही म्हटलं. तेव्हा या विद्वानाने पट्टीवर कागदी झेंडा चिकटवला. मंत्र्यांनी देशी तंत्रज्ञानाचं तोंड भरून कौतुक केलं, सगळ्यांनी बकलावा चापला आणि मी विद्यापीठात परतले.

नंतर तो झेंडा काढायची कुणाची छाती झाली नाही. देशाचा झेंडा ओरबाडून काढला असं कुणी वर कळवलं तर? आमच्या कचेऱ्यांत एकदा लागलेला झेंडा कुजूनच खाली येतो. वर प्रोफेसरांची ताकीद, यंत्र छान चाललंय, कुणी हात लावायचा नाही.

पुढच्याच आठवड्यात शेजारचे अम्म हसूना, म्हणजे आमचे हसूनाकाका, दारात आले. मातीच्या मडक्यांनी ऑक्टोपस धरण्यात त्यांचा जन्म गेलेला. माझ्या मांजरावर ओरडल्याबद्दल माफी मागत होते. आमच्याकडे माणूस अशी माफी मरण समोर दिसलं की मागतो, हे मला ठाऊक होतं. गुरुवारी ऑपरेशनसाठी त्यांची छाती उघडणार होते. हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, असं प्रोफेसरांनी लिहून दिलं होतं.

"पण तुझ्या मशीनला मानलं, पोरी," ते म्हणाले. "मध्येच उठून लघवीला गेलो. आलो तर मी नसतानाही माझं हृदय पडद्यावर धडधडतंय."

मी तडक दवाखाना गाठला आणि प्रोफेसरांच्या डोळ्यांदेखत तो झेंडा नखाने खरवडून काढला. खाली लाल पट्टी जशीच्या तशी होती, म्हणजे जुनी नोंद अजून चालूच होती.

त्यांनी आधी आवाज चढवला. इंजिनिअरबाईंनी वैद्यकी शिकवू नये, वगैरे. मी अम्म हसूनांचं चित्र लावलं आणि शेजारी त्याच सकाळी तपासलेल्या बँक मॅनेजरच्या बायकोचं. दोन्हींत केसभरही फरक नव्हता. बाईंना मात्र त्यांनी ठणठणीत ठरवलं होतं. चित्राआधी माणसाचे बूट बघायची सवय असली की असंच होतं. बाई अत्तर लावून, ओळखीची चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. हसूनांच्या अंगाला विडीचा आणि मासळीचा वास.

मी सर्जनला फोन लावून प्रोफेसरांच्याच हातात दिला. त्यांना निमूटपणे ऑपरेशन रद्द करावं लागलं. दोघांनाही पुन्हा तपासायचं ठरलं, या वेळी त्यांच्या स्वतःच्या हृदयासकट.

फोन ठेवून प्रोफेसर पडद्याकडे बघत राहिले. एकदम काहीतरी आठवल्यासारखा त्यांचा हात छातीवर गेला.

"रफीका," त्यांनी हळूच विचारलं, "हे हृदय माझं ना?"

"हो, झुहेरसाहेब. आदर्श."

त्यांनी दोन्ही अहवाल पुढे ओढले, पुन्हा पुन्हा वाचले. कपाळावर घाम आला होता.

"मग यातला खरा कोणता?"

"ते मी कसं सांगू?" मी म्हटलं. "तज्ज्ञ तुम्ही."