करण्यात येते

"वाचताना जिथं अडखळशील तिथंच खूण कर. बाकीचं शहाणपण स्वतःजवळ ठेव."

हे आमच्या ह्यांचं वाक्य. छापखान्यात चाळीस वर्षं लाल शाईनं मुद्रितं तपासली त्यांनी. जाऊन दोन महिने झाले. मी रडले नाही. पहाटेची प्रार्थना, दुपारी बारापर्यंतचं मौन, सगळं वेळेवर होतं; आत मात्र काही हलत नाही. मुलीनंच मोठ्यांच्या लेखनवर्गात माझं नाव घातलं. "आई, भिंतींशी किती गप्प बसशील?"

एका संध्याकाळी शिक्षिकेनं निबंधांचे कच्चे खर्डे एकमेकांना वाचायला दिले. माझ्याकडे बाकावरच्या शेजारणीचा आला. ती इस्पितळात आया आहे. हे गेले त्याच इस्पितळात. तिला नर्सिंगला जायचंय. प्रवेशाच्या अर्जासोबतचा 'माझे काम' हा निबंध दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचा होता. वय उलटत चाललेलं, पुढल्या वर्षी अर्जच घेणार नाहीत.

कुणाच्या मनाला लागेल असं बोलायचं नाही, हाही माझा नेम. मी वाचलं आणि खाली लिहिलं, 'छान.'

"मावशी, गेल्या खेपेलाही सगळे छानच म्हणाले," ती हसली. "आणि मी नापास. छान घेऊन काय लोणचं घालू?"

मी पुन्हा वाचायला घेतलं. 'रुग्णास आंघोळ घालण्यात येते. चादरी बदलण्यात येतात. मृत्यूनंतर देह स्वच्छ करण्यात येतो.' तिथं अडखळले. पेन्सिलीनं बाजूला लिहिलं : कोण करतं?

"कोण म्हणजे? मीच की!"

"मग तू यात दिसत का नाहीस? सगळं आपोआप होतंय जणू."

"कागदावर असंच लिहितात ना? मी-मी केलं की आगाऊ वाटतं."

"मला नाही वाटणार. एखाद्याचं सांग बघू."

तिनं जरा आठवलं. "खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते. दोन महिने झाले असतील. बोटात लाल शाई मुरलेली. दोनदा साबण लावला, निघेना. मग म्हटलं, असू दे आजोबा, तुमचीच आहे."

ते माझे, असं सांगायचं होतं. सांगण्यात आलं नाही.

"हेच लिही," मी म्हणाले. "जसं सांगितलंस तसं."

"आज लिहिते. द्यायच्या आधी एकदा बघाल? पण सकाळी तुमचं मौन असतं म्हणालात ना."

"वाचायला तोंड कशाला लागतं? नऊला इस्पितळाच्या दाराशी येते."

"नक्की?"

"नक्की."

ह्यांना तिथून आणल्यापासून मी त्या रस्त्याला गेले नव्हते.

सकाळी प्रार्थना आटोपली. पेन्सिलीला टोक केलं. मुलीनं विचारलं, "कुठं निघालीस?" मी पेन्सिल दाखवली, चपला घातल्या आणि त्या रस्त्याला लागले.