पलीकडच्या भिंतीला कळले

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही जन्मभर गळ्यापर्यंत पाण्यात उभे आहात. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. माणसांची ओळख होते ती फक्त त्यांच्या तळहातांवरून. मी तशीच उभी आहे. मी सिकंदराबादच्या एका तरणतलावाची जुनी भिंत आहे. जिथून उडी मारतात ती नव्हे, पलीकडची.

गवंड्यांनी मला निळ्या फरश्या बसवल्या, तेव्हा मुले माझ्यावर फार खूश होती. मोठी माणसे मात्र उन्हाळ्यापुरतीच येत. चार हात मारून माझ्या काठाला लटकत आणि लोणच्यापासून बदलीपर्यंत गप्पा मारत. पुढे काही वर्षे तलावात पाणीच नव्हते. अंगावर शेवाळ वाळले, फरश्या निखळल्या. कुणी विचारले नाही.

मग तलाव दुरुस्त झाला आणि नवल घडले. तीच मोठी माणसे थंडीतही पहाटे साडेपाचला येऊ लागली. आता गप्पा नाहीत; हात टेकला की वळले. पोहण्याची वेळ एका सेकंदाने कमी व्हावी म्हणून महिनोन्महिने झटणारी ही पिकल्या केसांची माणसे पाहून मी विटांची असूनही थक्क होते.

त्यांत केसरबाई होत्या. वय छप्पन्न, रेल्वेच्या कचेरीत नोकरी. पन्नाशीनंतर पोहायला शिकल्या. सोबत आठ वर्षांची नात प्रियदर्शिनी असे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत पोहताना, वळणावर भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात; नाहीतर स्पर्धेत बाद करतात. नात एकच हात लावून पळे.

"दोन्ही हात, बाई," आजी म्हणायच्या.

"एकाने काय होतंय आजी? कोण बघायलंय?"

राज्याच्या स्पर्धेसाठी पन्नाशीपुढच्या बायकांतून एकीचीच निवड व्हायची होती. विद्यानगरची रेणुका नेहमी पुढे असे. "केसरबाई, घरी भाकऱ्या जळायल्या असतील," ती चिडवायची.

"करूनच आले. तू पुढं बघ."

केसरबाईंनी आठ महिने एकही पहाट चुकवली नाही.

निवडीच्या दिवशी तलावाची लांबी चारदा पोहायची होती, दोनदा जाऊन दोनदा परत. म्हणजे माझ्यापाशी दोनदा वळायचे. पहिल्या वेळी केसरबाईंचे दोन्ही तळवे सपाट टेकले. दुसऱ्या वेळी रेणुका शेजारून पुढे निघाली होती. त्या घाईत उजवा तळवा माझ्यावर आपटला. डावा चार बोटे अलीकडेच राहिला. वळणावरचे पंच नेमके दुसरीकडे पाहत होते.

केसरबाई निसटत्या फरकाने पहिल्या आल्या. टाळ्या झाल्या, प्रियदर्शिनी नाचू लागली. मी काय बोलणार?

केसरबाई धापा टाकत बाहेर आल्या आणि सरळ पंचांकडे गेल्या. "साहेब, पलीकडच्या भिंतीला दुसऱ्यांदा वळताना माझा एकच हात लागला. माझं नाव काढा."

पंच गोंधळले. "अम्मा, मी तर पाहिलं नाही."

"म्हणूनच सांगायले."

निवड रेणुकाची झाली. ती टॉवेल घेऊन जवळ आली, पण आज तिला चिडवणे सुचेना. "काय हो बाई, आठ महिने घालवले. गप बसला असता तर कोणाला कळलं असतं?"

"भिंतीला कळलं होतं की," केसरबाई म्हणाल्या.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी साक्षीदार मानले नव्हते. माझ्या फरश्या उचकटू नका, एवढेच मागते. त्यांवर अशा माणसांचे हात टेकतात.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला केसरबाई आल्याच. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून चष्मा पुसत होत्या. प्रियदर्शिनी एकटीच पोहत माझ्याकडे आली. तिकडे कुणाचेही लक्ष नव्हते. उजवा हात पुढे आला, माझ्यापासून वीतभर थांबला, मागे पडलेल्या डाव्याला त्याने गाठू दिले, आणि मग दोन्ही छोटे तळवे एकदमच माझ्यावर टेकले.