दहावं बटण

मूल अंथरूण ओलं करायला लागलं की मजल्यावरच्या सगळ्या बायकांना डॉक्टरकीची पदवी मिळते. कुणी म्हणालं, पाणी तोडा. कुणी म्हणालं, दोन फटके द्या. खऱ्या डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "रागावू नका. निजताना बाथरूमला न्या. सहा वर्षांचं पोर आहे, थांबेल."

शिवणकाम करणाऱ्या आईला ते पटलं. तिच्या लेकीला, भिंगरीला, पटेना. बाप घर सोडून गेला तेव्हा भांडण मोठमोठ्या गोष्टींवरून झालं होतं. दुसरीकडे त्याची सोय आधीच लागलेली, निमित्त तेवढं हवं होतं. जाता जाता तो म्हणाला, "या मुताच्या वासात माणसानं झोपायचं तरी कसं!" पोरीने नेमकं तेवढंच उचललं.

"मी कोरडी झाले की बाबा येतील?" रोज तोच धोशा. एकदा शाळेचे गणवेश शिवायचे तुंबलेले असताना आई बोलून गेली, "येतील. सलग दहा दिवस कोरडी राहून दाखव."

लोकांच्या मापात ती सुताचा फरक पडू द्यायची नाही. हे माप मात्र डोळे झाकून दिलं. पोरगी दहा दिवस काढते कसली!

कोरड्या दिवसाला लाल फितीवर एक बटण. ओलं झालं की सगळी उसवायची. चार झाली, उसवली. सहा झाली, उसवली. मग भिंगरीने कंबर कसली. दिवेलागणीनंतर पाण्याला शिवेना. नऊ झाली तसं आईचं धाबं दणाणलं. तिने नवऱ्याला फोन लावला.

"तासभर ये. तिच्यासाठी."

"पोरीला पुढे करून नाटकं नकोत," म्हणाला आणि ठेवला.

दहाव्या दिवशी उजाडताच आईने चादरीखाली हात घातला. खडखडीत कोरडी. तिने स्वतःच्या उशाचा पाण्याचा पेला उचलला आणि हळूच गादीवर ओतला.

भिंगरी दचकून उठली. चाचपलं. मग सवयीने वाकून वास घेतला. त्या वासाची तिच्याइतकी जाणकार घरात होती कोण?

"आई, हे तर पाणी आहे."

"हो... माझ्या हातून सांडलं."

"म्हणजे मी कोरडीच ना?"

खोटं बोलणं सोपं, निभावणं कठीण. "हो गं बाळा," आई म्हणाली, "कोरडीच."

पोरगी टुणकन उठली. डब्यातलं सगळ्यात मोठं बटण तिने निवडून ठेवलेलंच होतं. आईला सुईत दोरा ओवता येईना, तो तिनेच ओवून दिला.

"रडतेस काय वेडे?" भिंगरी आईला म्हणाली, "चादर वाळेल की!"

फीत गळ्यात घालून भिंगरी दारात जाऊन बसली. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करायची. आई पाठमोरी मशीन चालवत राहिली. सुईखाली कापड नव्हतं.